निळ्या फायलीतली बेटं

१

"पापादिया, लुटले गेले गं मी! माझी अख्खी सहल चोरीला गेली!"

सोमवारी सकाळी अर्गिरो दारात उभी राहून हंबरडा फोडत होती, तेव्हा पापादिया देवळातल्या ताटल्या घासत होती. पाद्रीबाबांची बायको ती पापादिया. तिचं खरं नाव व्हरवारा, पण ते आता पाद्रीबाबांनाही आठवून सांगावं लागलं असतं.

"अगं, आधी आत ये. सहल कशी चोरीला जाईल? सहल म्हणजे काय कोंबडी आहे?"

"निळी फाईल गं! बोडिलची! काल रात्रीपर्यंत पेटीत होती. सकाळी उघडून बघते तर नाही!"

आता मात्र पापादियाने हात पुसले. त्या निळ्या फायलीबद्दल बेटावर ज्याला माहीत नाही असं फक्त गाढव असेल, आणि गाढवांनाही अर्गिरोने सांगितलं नसेल याची खात्री नव्हती.

वीस वर्षं अर्गिरो उन्हासाठी येणाऱ्या परक्या लोकांना खोल्या देत आली. त्यांच्या चादरी धुतल्या, त्यांच्या उन्हाने भाजलेल्या पाठीला दही चोळलं, त्यांचे टॉवेल वाऱ्यामागे धावून पकडून आणले. स्वतः कधी पिरेयस बंदराच्या पुढे गेली नाही. आठ उन्हाळे तिच्याकडे येणारी डेन्मार्कची बोडिल, निवृत्त नर्स, एक दिवस आपल्या मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये म्हणाली, "अर्गिरो, तू सुट्टीवर कुठे जातेस?" अर्गिरो म्हणाली, "मी कुठे जाणार? जग इथे येतं." बोडिलला ते सहन झालं नाही. तिने लगेच ठरवून टाकलं की पुढच्या मेमध्ये, गर्दी व्हायच्या आत, दोघींनी बेटं बघायची. माल्टा, सिसिली, सार्डिनिया, मायोर्का. बावीस दिवस.

फाईल तिनेच करून टपालाने पाठवली. अर्गिरोला परकी अक्षरं येत नाहीत म्हणून सगळं चित्रांत. सिसिलीच्या पानावर धूर सोडणारा डोंगर, माल्टाच्या पानावर डोळे रंगवलेली होडी, बोटीच्या दिवसांना निळा गोल, बसच्या दिवसांना लाल. अर्गिरो रोज जेवण झालं की ती फाईल मांडीवर घेऊन बसायची, आणि येत्या गुरुवारी ती फाईल घेऊन पिरेयसच्या एजंटाकडे जाणार होती. वादळापासून परदेशची टेलिफोनलाइन बंद आहे असं पोस्टातून सांगितलं होतं, तेव्हा बोडिलशी बोलून तिकिटं पक्की करायचं काम एजंटच करणार होता.

"आणखी काय गेलं?" पापादियाने विचारलं.

"काही नाही. पेटीत आईचा सोन्याचा क्रॉस होता, तो तसाच. आणि पासपोर्ट..." अर्गिरो जरा थांबली. "पासपोर्ट फायलीतच होता गं. चोराने तो काढून माझ्या देव्हाऱ्यातल्या तसबिरीपाशी नीट ठेवलाय. दिवा लागू नये म्हणून जरा बाजूला."

पापादिया खुर्चीत बसली. सोनं सोडून चित्रं नेणारा आणि पासपोर्ट जळू नये म्हणून जपणारा चोर तिने जन्मात ऐकला नव्हता.

२

बेटावर कुणी दाराला कुलूप लावत नाही. त्यात काल मांस खायचा शेवटचा रविवार, मोठ्या उपासाआधीची धमाल. सगळं गाव चौकात नाचत होतं आणि सगळ्यात जास्त अर्गिरो नाचली होती. कोण केव्हा कुठे गेलं हे विचारण्यात अर्थ नव्हता. विचारायचं ते इतकंच, की ही सहल कुणाच्या डोळ्यांत खुपत होती?

पहिलं नाव आपसूक आलं. अर्गिरोचा मुलगा स्त्रातिस. धक्क्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा.

"मी नाही हो नेली," तो नटबोल्टांतून डोकं वर न काढता म्हणाला. "पण नेली त्याचं भलं होवो. मे महिन्यात खोल्यांना चुना लावायचा असतो, आणि या मायोर्काला चालल्या! तिथेही समुद्रच आहे. आपल्याकडे काय कमी पडलाय?"

"आईशी असं बोलतोस?"

"आईशी नाही, तुमच्याशी बोलतोय. तिच्याशी बोलायला गेलो तर लाटणं येतं." मग तो उठून बसला. "पापादिया, एक सांगू? मला तिला अडवायचंच असतं ना, तर मी पासपोर्ट उचलला असता. चित्रं काय, ती डोळे मिटूनही सांगेल. पासपोर्ट नसेल तर मात्र जागची हलणार नाही."

पोरगं उद्धट होतं, पण बोलत होतं ते खरं. पासपोर्ट मागे ठेवणाऱ्याला अर्गिरोचं जाणं खुपत नव्हतं. त्याला खुपत होतं ते फायलीतलं काहीतरी.

घरी येताना तिने नाक पुसायला एप्रनच्या खिशात हात घातला आणि रुमालाबरोबर एक चिठ्ठी बाहेर आली. शनिवारी ठेवलेली आणि साफ विसरलेली.

शनिवार पितरांचा होता. त्या दिवशी बाया उकडलेल्या गव्हाचा साखर-डाळिंब घातलेला प्रसाद देवळात आणतात आणि बरोबर चिठ्ठीवर आपल्या मेलेल्या माणसांची नावं देतात. पाद्रीबाबांना मोतीबिंदू. म्हणून चिठ्ठ्या पापादिया वाचायची आणि ते मागून मोठ्याने म्हणायचे. त्या ढिगात ही एक होती. तिच्यावर घरचं कुणी नाही, आडनाव नाही. वर लहानसा क्रॉस, आणि खाली एकच नाव.

बोडिल.

त्या वेळी तिने ती घाईघाईने खिशात कोंबली होती. कुणीतरी जिवंतांची चिठ्ठी चुकून मेलेल्यांत टाकली असेल, असं वाटलं होतं. आता रस्त्यात उभं राहून तिने ती पुन्हा वाचली. जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत घालणं हा बेटावरचा सगळ्यात जुना, सगळ्यात वाईट शाप होता.

३

शाप म्हटलं की पागोना. अर्गिरोची शेजारीण, तिच्याही चार खोल्या. बोडिल पहिल्या वर्षी पागोनाकडेच उतरली होती. दुसऱ्या दिवशी ती भिंतीपलीकडच्या अर्गिरोच्या अंगणात कॉफी प्यायला गेली आणि परत काही आलीच नाही. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. सात वर्षं.

मंगळवारी सकाळी पापादियाने चिठ्ठी सरळ पागोनाच्या नाकासमोर धरली.

"हे काय आहे?"

"कागद आहे. मला काय विचारता?"

"यावर बोडिलचं नाव आहे, पागोना. मेलेल्यांत टाकलंय. तुला देवाची भीती नाही?"

पागोनाचा चेहरा लाल झाला. "वा हो वा! तीस वर्षं माझ्या पितरांची चिठ्ठी कोण लिहितं? तुम्हीच ना? मला अक्षर येत नाही म्हणून तुम्हीच लिहिता आणि आज माझ्याच तोंडावर कागद फेकता?"

पापादियाने जीभ चावली. खरंच. परवाच्या शुक्रवारी या ओट्यावर बसून हिच्या अकरा मेलेल्यांची नावं तिनेच लिहिली होती. वय झालं की माणूस दुसऱ्याचं सगळं लक्षात ठेवतो आणि आपलंच विसरतो.

"चुकलं माझं."

"चुकलंच. आणि शाप देणारी वर क्रॉस काढेल का? क्रॉस काढला म्हणजे प्रार्थना झाली. एवढं तर मलाही कळतं, न शिकलेल्या बाईला." पागोना अजून धुमसत होती, पण बोलता बोलता हळू झाली. "शनिवारी मी सगळ्यांत शेवटी निघाले देवळातून. मेणबत्त्या खोचायच्या वाळूच्या पेटीत एक जाड मेणबत्ती वेगळी, कोपऱ्यात जळत होती. म्हटलं, हा कोणाचा मेलेला, की ज्याला घरच्यांत जागा नाही?"

पापादियाने चिठ्ठी पुन्हा डोळ्यांजवळ धरली.

"पापादिया," पागोना म्हणाली, आणि आता तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, "म्हणजे ती गेली का हो? बोडिल?"

४

कुणाला तरी माहीत होतं की बोडिल गेली. त्याने ते अर्गिरोला सांगितलं नाही, पण मेलेल्या बाईला नावाशिवाय, प्रसादाशिवाय ठेवणं त्याला जमलं नाही. तिचा धर्म वेगळा, चाल वेगळी, तरी त्याने गहू उकडला. चोर असा असतो का कुठे?

पापादिया अर्गिरोकडे गेली. अर्गिरो आरशासमोर नवी उन्हाची टोपी घालून उभी होती.

"फाईल गेली तर गेली," ती म्हणाली. "रात्रभर रडले, मग म्हटलं, बोडिल दुसरी करेल. तिला काय, आवडतंच. ही टोपी कशी दिसते? म्हातारी दिसते का?"

"छान दिसते." पापादियाला तिच्याकडे बघवेना. "अर्गिरो, शेवटचं पत्र कधी आलं गं?"

"दहा-बारा दिवस झाले. त्याआधी जानेवारीच्या अखेरीस एक." अर्गिरोला विचारायचीच खोटी. पत्रं तिला पाठ असत. इंग्रजी पत्र पोस्टमास्तर थेमेलिस वाचून दाखवायचा, तो पूर्वी जहाजावर तारायंत्र सांभाळायचा. एकदा ऐकलं की तिच्या डोक्यात शिक्का बसे. टोपी काढून ती स्टुलावर बसली आणि शाळेतल्या पोरीसारखे हात मांडीवर ठेवून म्हणू लागली: "प्रिय अर्गिरो, इथे थंडी आहे. मी बरी आहे. तुझा खोकला कसा आहे? सहलीची तयारी चालू आहे. पण सात मेचा दिवस बदलायला हवा. तो मंगळवार आहे, आणि मंगळवारी घरातून निघू नये, वाईट असतं. आपण थोडं थांबू. घाई नको."

मग ती हसली. "बघ! शेवटी तिलाही पटलं. आठ वर्षं लागली!"

पापादिया हसली नाही. गेल्या ऑगस्टमध्ये याच अंगणात सात मे ठरला, तेव्हा ती इथे होती. अर्गिरोने डोक्याला हात लावला होता, की मंगळवारी आमच्याकडे कुणी लग्न करत नाही, होडीही सोडत नाही. आणि बोडिल खो खो हसत म्हणाली होती, "मी मंगळवारी जन्मले. मंगळवारी लग्न केलं. मंगळवारीच घटस्फोट घेतला. तिन्ही उत्तम झालं!"

त्या बाईने हे पत्र लिहिलंच नव्हतं. मंगळवारला भिणारं माणूस डेन्मार्कचं नव्हे, इथलं होतं. आणि ते पत्र फक्त एकाच माणसाने वाचलं होतं.

"कुठे चाललीस? कॉफी टाकते ना!" अर्गिरो मागून ओरडत राहिली.

५

पापादियाला त्या रात्री झोप लागली नाही. बुधवारी पोस्ट उघडताच ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

थेमेलिस शिक्के मारत होता. साठीचा, उंच, कायम पाठीत वाकलेला. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"थेमेलिस, गव्हात डाळिंब घातलं होतंस का? की तुझ्या बायकोची पद्धत नुसत्या मनुकांची?"

त्याने शिक्का खाली ठेवला. म्हणाला, "मनुकांची."

"पत्र कधी आलं?"

"बावीस जानेवारीला. तिच्या भाचीचं." तो उठला, टपालाच्या रिकाम्या पोत्यांखालून निळी फाईल काढली आणि टेबलावर ठेवली. कोपरे दुमडू नयेत म्हणून तिला वर्तमानपत्र गुंडाळलं होतं. "मी वाचणारच होतो, पापादिया. अर्गिरो आली, या खुर्चीवर बसली, हात मांडीवर ठेवले. मी पाकीट फोडलं. पहिली ओळ डोळ्यांनी वाचली, आणि तोंडातून निघालं, 'प्रिय अर्गिरो, इथे थंडी आहे.'"

"आणि मग थांबला नाहीस."

"कसा थांबू? नऊ वर्षांपूर्वी जहाज सोडून इथे पोस्टात लागलो, तेव्हाची पहिली तार पोथितोसची होती. तिचा नवरा गेल्याची. मीच नेली. ती ओट्यावर मासे साफ करत होती. मी वाचलं, तिने ऐकलं, आणि वर्षभर ती एक शब्द बोलली नाही. तुम्हाला आठवतंय ना? तिचा आवाज परत आला तो त्या डेन्मार्कच्या बाईमुळे. आता त्याच बाईचं मरण मी त्याच घरात घेऊन जाऊ?" त्याने फायलीवरचं वर्तमानपत्र सारखं केलं. "टेलिफोनची लाइन चालूच होती. मी बंद सांगितली. पण ती एजंटाकडे निघाली. फायलीत बोडिलचा फोन नंबर होता. एजंटाने पहिल्याच दिवशी फोन केला असता. म्हटलं, उपास संपून पास्खाचा सण तरी हसत होऊ दे. मग सांगेन."

"मग म्हणजे केव्हा? ती मे महिन्यात सामान घेऊन धक्क्यावर उभी राहिल्यावर?"

त्याने शिक्क्यांची पेटी मिटली.

"आणि ती पत्रं, थेमेलिस? ते दुसरं तर आलंच नव्हतं ना. खोकला कसा आहे, घाई नको, थोडं थांबू. ती बोडिल बोलत होती, की तू?"

थेमेलिसने मान खाली घातली. पापादियाला त्याचा संताप आला होता, तो तिथेच विरघळला. आठ वर्षं हा माणूस परक्या बाईच्या आवाजात अर्गिरोशी बोलत होता. स्वतःच्या आवाजात तिला एक वाक्य म्हणायची त्याची छाती झाली नव्हती.

"तुम्ही सांगा तिला," तो म्हणाला. "तुमच्या तोंडून बरं वाटेल."

"नाही बाबा. तू चोरलंस, तूच परत कर. आणि पत्र घे बरोबर."

६

अर्गिरो अंगणात चादरी वाळत घालत होती. थेमेलिसच्या हातात फाईल पाहून ती आनंदाने ओरडली, "सापडली! कुणी नेली होती मेल्याने?" मग तिने पापादियाचा चेहरा पाहिला आणि तिच्या हातातली चादर मातीत पडली.

"वाच," पापादिया म्हणाली.

त्याने वाचलं. या वेळी एकेक शब्द, इंग्रजीतून अडखळत, मध्ये गिळत. बोडिल मावशी अकरा जानेवारीला सकाळी गेली. आजार ऑक्टोबरातच कळला होता. तुम्हाला कळवायचं नाही असं तिने आम्हा सगळ्यांकडून वचन घेतलं होतं. जाता येणार नाही हे तिला माहीत होतं. तरी इस्पितळातल्या पोरींना पिटाळून ती सिसिलीच्या बसचं वेळापत्रक मागवत होती. आम्ही म्हणायचो, मावशी, आता कशाला? ती म्हणायची, आखायला काय लागतं, ते खाटेवर बसूनही होतं, आणि अर्गिरोला तेवढाच हिवाळा बरा जाईल. तिला गावच्या दफनभूमीत ठेवलं आहे, तिच्या आईशेजारी.

अर्गिरो ओट्यावर बसली. पापादिया तिच्याजवळ गेली, पण अर्गिरोने हाताने तिला थांबवलं. ती बोटांवर मोजत होती. अकरा जानेवारीपासून. एक एक पेर दाबत, ओठ हलवत. दोनदा मोजलं.

"काल," ती म्हणाली. "काल तिचा चाळिसावा होता."

माणूस गेलं की चाळीस दिवस त्याचा जीव आपल्या माणसांत, आपल्या घरादारात फिरतो, असं बेट मानतं. चाळिसाव्याला गहू उकडतात, नाव घेतात, आणि त्याला सोडतात.

"चाळीस दिवस ती इथेच होती, थेमेलिस. ती नक्की इथे आली असेल, दुसरीकडे कुठे जाणार ती? आणि मी काय करत होते? मी रविवारी चौकात नाचत होते. ती दारात उभी, आणि मी तिच्यासमोर नाचतेय, हसतेय. तिला वाटलं असेल, बघा, हिला माझं काहीच नाही."

"मला वाटलं, तुला त्रास..."

"त्रास माझा होता! तू कोण तो ठेवून घेणारा? तिने लपवलं, ठीक आहे. तिचं मरण होतं, तिने काय ते करावं. तू का लपवलंस?"

आणि मग ती रडली. मोठ्याने, छाती पिटून, बेटावरच्या बाया रडतात तशी. भिंतीपलीकडून पागोना धावत आली, सात वर्षांत पहिल्यांदा त्या फाटकातून आत शिरली, काही न विचारता अर्गिरोच्या शेजारी बसली आणि तिच्याबरोबर रडू लागली. थेमेलिस तिथेच उभा होता. निघून जायचं त्याला सुचत नव्हतं आणि थांबायचा हक्क नव्हता.

बऱ्याच वेळाने अर्गिरोने एप्रनच्या टोकाने तोंड पुसलं. आवाज बसला होता, पण होता. पापादियाने मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

"ते गाव कुठे आहे? बोडिलचं?"

"कोपनहेगनहून आगगाडीने दोन तास," थेमेलिस म्हणाला. "मी त्या बाजूच्या बंदरात गेलोय, जहाजावर होतो तेव्हा."

"या दिवसांत तिथे काय असतं?"

"बर्फ. चिखल. पाच वाजता अंधार पडू लागतो. अर्गिरो, तिथे बघायला काही नाही."

"बघायला कोण जातंय?" तिने फाईल मांडीवर ओढली, उघडली नाही. "गुरुवारच्या बोटीने मी पिरेयसला जाणारच होते. ती बोट उद्या सुटते. मला जाड कोट लागेल. स्त्रातिसचा आहे, बाह्या लांब होतील, दुमडेन."

"एकटी?" पापादियाने विचारलं. "अगं, तुला तिथलं अक्षर वाचता येत नाही."

"मला नाही येत." अर्गिरोने पहिल्यांदा मान वर करून थेमेलिसकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत माया नव्हती, क्षमाही नव्हती. "याला येतं. हा येईल माझ्याबरोबर. तिथे दगडांवर नावं असतील. मला तिच्या दगडापाशी ने, थेमेलिस, आणि त्यावर जे लिहिलंय तेवढंच वाच."

थेमेलिसने मान डोलावली. मग पोस्टाला कुलूप लावायला तो टेकडी उतरून गेला.